पीएमपी परीक्षेची तयारी: खान्देशातून सारखे येणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पीएमपी, म्हणजे 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल' या परीक्षेबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एकच विषय दोन ठिकाणी आला असेल, तिथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पीएमपी हा कोर्स आहे का? किती दिवसांचा?

कोर्स नाही, परीक्षा आहे. अमेरिकेतली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, म्हणजे पीएमआय, ही संस्था १९६९ साली स्थापन झाली आणि १९८४ पासून ती ही परीक्षा घेते. प्रत्यक्ष प्रोजेक्ट चालवलेल्या माणसासाठीच ती आहे, म्हणून आधी अनुभव तपासतात आणि मग परीक्षेला बसू देतात. क्लासवाले शेवटी जे सर्टिफिकेट देतात ते पीएमपी नव्हे. त्याने फक्त ३५ तासांच्या शिक्षणाची अट पूर्ण होते (प्र. ६). पुष्कळ जण तिथेच फसतात आणि क्लासच्या सर्टिफिकेटवरून बायोडेटात पीएमपी लिहून टाकतात. तसे करू नका.

२. मी बीई आहे, माझा भाऊ डिप्लोमावाला आहे. दोघांना अनुभव किती लागेल?

चार वर्षांची पदवी असेल तर प्रोजेक्टचे नेतृत्व केल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो. बारावी किंवा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा असेल तर ६० महिन्यांचा. हे महिने अर्जाच्या आधीच्या ठरावीक वर्षांतले असावे लागतात; २०२१ च्या रूपरेषेच्या काळात ही मर्यादा ८ वर्षांची होती. अर्ज भरायच्या दिवशी हा कालावधी पीएमआयच्या पीएमपी हँडबुकमधून एकदा पडताळून घ्या, कारण परीक्षेची नवी रूपरेषा आली की असे तपशील बदलू शकतात.

महिने मोजताना सर्वात जास्त चुका होतात. एकाच वेळी चाललेली दोन कामे दोनदा धरता येत नाहीत. एक काम जानेवारी ते ऑगस्ट आणि दुसरे मे ते डिसेंबर चालले, तर बेरीज १६ नव्हे, १२ महिने. कागदावर वर्षनिहाय आडव्या रेघा ओढून प्रत्येक काम मांडा, म्हणजे एकमेकांवर आलेले महिने लगेच दिसतात.

बीएस्सी किंवा बीकॉमची तीन वर्षांची पदवी असेल आणि अनुभव ६० महिन्यांहून कमी असेल, तर अर्जाआधी पीएमआयच्या ग्राहक सेवेला ईमेलने विचारा आणि आलेले उत्तर जपून ठेवा. ऑडिट, म्हणजे अर्जाची कागदोपत्री पडताळणी (प्र. ८), लागले तर ते कामी येते.

३. आत्ताच पास झालो, अनुभव नाही. काही पर्याय?

कॅपम, म्हणजे 'सर्टिफाइड असोसिएट इन प्रोजेक्ट मॅनेजमेंट'. ही पीएमआयचीच परीक्षा आहे. तिला अनुभवाची अट नाही. बारावी आणि २३ तासांचे प्रशिक्षण पुरते. पेपर १५० प्रश्नांचा, वेळ ३ तास. कॅपम चालू असताना पुढे पीएमपीचा अर्ज केला तर ३५ तासांची अट पूर्ण झाली असे मानतात.

४. आमची कामे छोटी असतात. ठिबक, गोडाऊन, कोल्ड स्टोरेज. ती प्रोजेक्ट म्हणून धरतात का?

धरतात. पीएमआयने रकमेची किमान मर्यादा घातलेली नाही. कामाला सुरुवात आणि शेवट असावा, त्यातून काहीतरी नवे उभे राहावे आणि त्या कामाची सूत्रे तुमच्या हातात असावीत, एवढेच पाहिले जाते. सावद्याजवळ केळी पिकवण्याचे चेंबर उभारणे, जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात नवी एक्स्ट्रूजन लाइन बसवणे, साक्री तालुक्यात सौर प्रकल्पाचे सिव्हिल काम, एखाद्या डाळ मिलमध्ये ईआरपी चालू करणे, शिरपूरला शाळेची इमारत बांधणे, ही सगळी बिनधास्त प्रोजेक्ट आहेत. सरकारी खात्यातली कामेही चालतात: रस्ता, बंधारा, पाणीपुरवठा योजना.

पदनाम 'प्रोजेक्ट मॅनेजर' असलेच पाहिजे असे नाही. साइट इंजिनिअर, ज्युनिअर इंजिनिअर, प्लांट इन्चार्ज यांनीही अर्ज करावा. पण नुसते हजर असणे आणि चालवणे यात फरक आहे. वेळापत्रक कोणी ठरवले? माणसे कोणी लावली? अडचण आली तेव्हा मार्ग कोणी काढला? याची उत्तरे 'मी' अशी असतील तरच ते महिने मोजा. नुसती मोजमाप पुस्तिका भरली किंवा बिले तपासली असतील, तर ते नेतृत्व होत नाही.

घरचे लग्न, स्वतःच्या घराचे बांधकाम, कॉलेजचा फायनल इयर प्रोजेक्ट हे धरत नाहीत.

५. मी मेंटेनन्सला आहे. मग माझा अनुभव शून्य का?

रोजचे मेंटेनन्स म्हणजे ऑपरेशन्स, ते मोजता येत नाही. पण मेंटेनन्समधल्या माणसाकडे बहुतेक वेळा प्रोजेक्ट असतातच, फक्त तो त्यांना त्या नावाने ओळखत नाही. दीपनगरसारख्या औष्णिक केंद्रातले युनिटचे मोठे ओव्हरहॉल घ्या. त्याची तारीख ठरलेली, बजेट वेगळे, बाहेरचे ठेकेदार, रोजचा आढावा आणि शेवटी युनिट पुन्हा सुरू करून सुपूर्द करणे, हे सगळे त्यात असते. ते तुम्ही चालवले असेल तर तो प्रोजेक्ट. जुना पॅनेल काढून नवा बसवला, क्रेन बदलली, शेड वाढवली, हेही तसेच. पण दर आठवड्याला तेच वंगण, तीच तपासणी, तेच इंजिन शेडमध्ये येणे आणि जाणे, हे कितीही वर्षे केले तरी प्रोजेक्टचे महिने होत नाहीत.

६. ३५ तास कुठून करायचे? पुण्याला जावे लागेल का?

जायची गरज नाही. ऑनलाइन चालते, रेकॉर्ड केलेला कोर्सही चालतो. मात्र शेवटी चाचणी असावी आणि सर्टिफिकेटवर तासांची संख्या छापलेली असावी. पीएमआयची अधिकृत प्रशिक्षण भागीदार संस्था असेल तर ऑडिटमध्ये प्रश्न येत नाही. स्वतः पुस्तक वाचलेले तास धरत नाहीत आणि ऑफिसातल्या बैठकाही धरत नाहीत. कोर्स विकत घेण्याआधी तो चालू परीक्षा रूपरेषेवर बेतलेला आहे का, हे विचारा (प्र. १२).

७. अर्जात कामाचे वर्णन कसे लिहू? इंग्रजी कच्चे आहे.

अर्ज इंग्रजीतच भरायचा आहे, पण अलंकारिक भाषा कोणी मागत नाही. प्रत्येक प्रोजेक्टसाठी साधारण २०० ते ५०० शब्द लिहा. क्रम असा ठेवा: उद्देश, तुमची भूमिका, तुम्ही काय काय केले, शेवटी हाती काय आले. वाक्ये लहान आणि क्रियापद नेमके हवे: ठरवले, आखले, वाटून दिले, तपासले, मंजुरी घेतली, सुपूर्द केले. आधी मराठीत मुद्दे काढून मग इंग्रजीत उतरवलेत तरी हरकत नाही.

नेहमी येणारा कच्चा मजकूर असा असतो: 'कोल्ड स्टोरेजच्या कामात सहभागी होतो. सर्व कामे व्यवस्थित पार पाडली.' यातून तुम्ही काय केले ते तपासणाऱ्याला कळत नाही. तेच काम असे लिहा: 'केळीसाठी शीतगृह उभारणे हा उद्देश. मी प्रोजेक्ट लीड होतो. मालक, वीज कंपनी आणि शेतकरी गट यांच्या अपेक्षा लिहून काढल्या. कामाचे तुकडे पाडून वेळापत्रक केले. पॅनेल उशिरा येण्याचा धोका नोंदवून दुसरा पुरवठादार तयार ठेवला. दर आठवड्याला खर्च आणि प्रगती तपासली. चाचणी घेऊन मालकाची लेखी स्वीकृती घेतली आणि हिशेब बंद केला.' यात सुरुवात, नियोजन, अंमलबजावणी, नियंत्रण आणि समाप्ती असे पाचही टप्पे आले. सॉफ्टवेअरच्या कामात हेच अ‍ॅजाइलच्या, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत काम पुढे नेण्याच्या पद्धतीच्या, शब्दांत येईल (प्र. १४).

दुसऱ्याचे वर्णन उचलून टाकू नका. ऑडिटमध्ये तुमच्या साहेबाला त्यावर सही करायची असते आणि त्याला ते काम ओळखता आले पाहिजे.

८. ऑडिट म्हणजे काय? जुनी कंपनी बंद पडली असेल तर?

काही अर्ज पीएमआय यादृच्छिकपणे ऑडिटला काढते. तो संशय नव्हे, सोडत आहे. अर्ज मंजूर होऊन फी भरली की ऑडिट लागले की नाही ते कळते. लागले तर पदवीची प्रत, ३५ तासांचे सर्टिफिकेट आणि प्रत्येक प्रोजेक्टची खातरजमा करणारी सही द्यावी लागते. त्यासाठी ९० दिवस मिळतात, आणि ते पूर्ण होईपर्यंत परीक्षेची तारीख घेता येत नाही.

खरी अडचण सहीची असते. ठेकेदारी कंपनी बंद झाली, साहेब निवृत्त होऊन गावी गेले, हे नेहमीचेच. कंपनी बंद असली तरी त्या वेळचे वरिष्ठ सही करू शकतात. ते आज कुठे नोकरीला आहेत याला महत्त्व नाही. वरिष्ठ सापडत नसतील तर त्या कामाची माहिती असलेला ग्राहकाचा प्रतिनिधी चालतो. म्हणून अर्ज 'सबमिट' करण्याआधीच प्रत्येकाला फोन करा, वर्णन वाचून दाखवा आणि चालू ईमेल पत्ता घ्या. नंतर धावपळ करण्यापेक्षा हे कितीतरी सोपे.

पदवीबद्दल एक गोष्ट. आपल्या विद्यापीठाचे नाव २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले. जुन्या पदवीवर फक्त उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ असेल. १९९० च्या आधी पास झालेल्यांच्या पदवीवर पुणे विद्यापीठ असेल, कारण तेव्हा आपले विद्यापीठच नव्हते. अर्जात पदवीवर छापलेलेच नाव लिहा, आजचे नाही.

९. पदवीवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि लग्नानंतर नाव बदललेले. काय करू?

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण परीक्षेच्या दिवशी माणसाला दारातून परत पाठवणारा हाच आहे. पीएमआयच्या खात्यातले नाव आणि परीक्षेला दाखवायच्या ओळखपत्रावरचे इंग्रजी नाव अक्षरशः सारखे हवे. म्हणून आधी ओळखपत्र ठरवा आणि मग त्यावरून खाते उघडा. शासकीय ओळखपत्र, त्यावर फोटो आणि तुमची सही, शिवाय मुदत संपलेली नसावी, अशी अट असते. आधारवर आपली सही नसते, त्यामुळे एकट्या आधारवर विसंबू नका. पासपोर्ट सर्वात खात्रीचा.

आपल्याकडे शाळेपासून आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव असा क्रम चालतो. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात येते. पीएमआयच्या अर्जात ते त्या-त्या रकान्यातच भरा. वडिलांचे किंवा पतीचे नाव पासपोर्टवर असेल तर अर्जातही टाका, नसेल तर टाकू नका. पदवी माहेरच्या नावाची असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नोंद ऑडिटसाठी हाताशी ठेवा. नाव दुरुस्त करायचे असेल तर तारीख घेण्याआधी करा.

१०. फीचे काय? मेंबरशिप घ्यावी का?

फी वेळोवेळी बदलते, म्हणून अर्जाच्या दिवशी पीएमआयच्या संकेतस्थळावरचाच आकडा धरा. मेंबरला परीक्षेची आणि फेरपरीक्षेची फी कमी पडते, शिवाय पीएमबोकची, म्हणजे पीएमआयच्या प्रोजेक्ट व्यवस्थापनावरच्या मार्गदर्शक पुस्तकाची, पीडीएफ मोफत मिळते. मेंबरशिप अधिक मेंबरची फी ही बेरीज बिगरमेंबरच्या फीशी ताडून पाहा. बहुतेकांना मेंबरशिप घेणेच परवडते. ती आधी घ्या, फी नंतर भरा. उलटे केले तर सवलत मिळत नाही.

पैसे भरताना कार्ड नाकारले गेले तर घाबरू नका. नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार सुरुवातीला बंदच असतात. बँकेच्या अ‍ॅपमधून ते चालू करा आणि मर्यादा वाढवा.

११. पेपर कसा असतो? मराठीत मिळतो का?

मराठीत नाही. आपल्याला इंग्रजीतच द्यावा लागतो. २०२१ च्या रचनेत १८० प्रश्न आणि २३० मिनिटे होती, मध्ये १० मिनिटांच्या दोन सुट्ट्या, ६० आणि १२० प्रश्नांनंतर. तुमच्या बुकिंगच्या पावतीवर जी वेळ छापलेली असेल ती अंतिम. एक पर्याय निवडा, दोन किंवा तीन निवडा, जोड्या लावा, चित्रावर योग्य जागी क्लिक करा, असे प्रकार येतात. उणे गुण नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका.

सुट्टी घेतली की आधीचे ६० प्रश्न कुलूपबंद होतात. खुणा करून ठेवलेले प्रश्न सुट्टीआधीच निपटवा. हिशेब साधा आहे: २३० मिनिटांच्या पेपरात पहिल्या सुट्टीला १५३ मिनिटे आणि दुसऱ्या सुट्टीला ७७ मिनिटे उरलेली असावीत.

पास होण्याचा टक्का पीएमआय जाहीर करत नाही. 'अमुक टक्के मिळाले की पास' असे कोणी सांगितले तर तो अंदाज समजा. निकालात प्रत्येक विभागाला 'अबव्ह टार्गेट', 'टार्गेट', 'बिलो टार्गेट' किंवा 'नीड्स इम्प्रूव्हमेंट' असा शेरा मिळतो.

१२. मित्राने पीएमबोकची सहावी आवृत्ती दिली आहे. तेवढी पुरेल का?

नाही, पण फेकूनही देऊ नका. परीक्षा पीएमबोकवर नसून 'एक्झाम कंटेंट आउटलाइन' या रूपरेषेवर असते. ती पीएमआयच्या संकेतस्थळावर मोफत मिळते आणि अभ्यासाची सुरुवात तिच्यापासूनच करावी. २०२१ च्या रूपरेषेत लोक ४२ टक्के, प्रक्रिया ५० टक्के, व्यवसायाचा परिसर ८ टक्के अशी विभागणी होती. जुलै २०२६ पासूनच्या नव्या रूपरेषेत ती ३३, ४१ आणि २६ टक्के झाली. म्हणजे प्रोजेक्टमधून संस्थेला फायदा काय, कायदे आणि नियमपालन, बाहेरचे बदल या भागाचे वजन तिपटीहून वाढले. जुना मॉक, म्हणजे सराव पेपर, घेऊन बसलात तर नेमका हाच भाग कच्चा राहील. तुमच्या परीक्षेच्या तारखेला कोणती रूपरेषा लागू आहे ते पाहा आणि पुस्तक, कोर्स, मॉक तिन्ही तिच्याशी ताडून घ्या.

सहाव्या आवृत्तीतल्या ४९ प्रक्रिया पाठ करायची गरज नाही. मात्र कामाचे तुकडे पाडणे, वेळापत्रक, खर्च, खरेदी हे समजून घ्यायला ती अजून उत्तम आहे. २०२१ ची सातवी आवृत्ती तत्त्वांवर भर देते. एकटी वाचली तर नवख्याला पाय टेकायला जमीन मिळत नाही. सोबत 'अ‍ॅजाइल प्रॅक्टिस गाइड' वाचाच.

१३. पंधरा वर्षे साइटवर काढली, तरी मॉकमध्ये मार्क का पडत नाहीत?

अनुभवी माणूस या परीक्षेत सर्वात जास्त इथेच अडतो. आपल्याकडच्या साइटवर दोन सवयी अंगात भिनतात. एक, 'साहेबांना विचारतो'. दुसरी, 'मी बघून घेतो'. दोन्ही सवयींनी कामे होतात, पण पेपरमध्ये त्या पर्यायांना बहुधा गुण नसतात. तिथला प्रोजेक्ट मॅनेजर आधी समजून घेतो, टीमशी बोलतो, ठरलेल्या पद्धतीने कृती करतो आणि आपल्या अधिकाराबाहेर गेले तरच वर नेतो.

हा नमुना पाहा. बोदवड तालुक्यात ठिबकचे काम निम्म्यावर आले आहे. ग्राहकाच्या माणसाने साइट इंजिनिअरला परस्पर सांगितले, 'आणखी दोन एकर घेऊन टाका, पाइप शिल्लक आहेच.' इंजिनिअरने तुम्हाला फोन केला. सर्वात आधी काय कराल?

अ) पाइप शिल्लक असल्याने काम करायला सांगाल.
ब) प्रायोजकाला, म्हणजे कामाला पैसा आणि मंजुरी देणाऱ्याला, कळवून त्याचा निर्णय मागाल.
क) खर्च, वेळ आणि पंपाची क्षमता यांवर काय परिणाम होईल ते टीमसोबत तपासाल.
ड) करारात नाही म्हणून नकार कळवाल.

उत्तर क. 'अ' निवडला तर कामाची व्याप्ती मंजुरीविना वाढली. पाइप आहे, पण पंपाचा डिस्चार्ज आधीच्या क्षेत्रापुरता धरला असेल तर शेवटच्या लॅटरलला दाब मिळणार नाही आणि दोष तुमच्यावर येईल. 'ब' मध्ये प्रायोजकापुढे ठेवायला माहितीच नाही. 'ड' मध्ये ग्राहकाची गरज ऐकूनही घेतली नाही. परिणाम तपासल्यावर बदलाची लेखी विनंती, मग बदल नियंत्रण समितीचा निर्णय, मग आराखड्यात सुधारणा, मग काम.

आता अपवाद, कारण पेपर काढणारे तिथेच बोट ठेवतात. प्रश्नात 'परिणाम तपासून झाला आहे' असे लिहिले असेल तर पुढचे पाऊल बदलाची विनंती हे आहे. पुन्हा तपासणी नव्हे. जीविताला धोका असेल तर आधी काम थांबवा. घडलेली गोष्ट आधीच जोखीम नोंदवहीत असेल तर नवे विश्लेषण न करता ठरलेला उपाय अमलात आणा. कायदेभंग किंवा लाचेचा प्रकार असेल तर तो टीममध्ये मिटवायचा नसतो, योग्य ठिकाणी कळवायचा असतो. आणि काम अ‍ॅजाइल पद्धतीचे असेल तर मार्गच वेगळा (प्र. १४).

प्रश्न वाचताना शेवटचे वाक्य आधी वाचा. 'सर्वात आधी', 'पुढे काय', 'हे टाळण्यासाठी काय करायला हवे होते' या तिघांची उत्तरे वेगळी असतात. शेवटच्या प्रकारात आता काय करावे हे विचारलेलेच नसते. नियोजनात काय राहिले ते शोधायचे असते.

१४. आमचे सगळे बांधकाम आहे. अ‍ॅजाइल शिकलेच पाहिजे का?

हो. २०२१ च्या रूपरेषेत सुमारे निम्मे प्रश्न अ‍ॅजाइल किंवा हायब्रिड पद्धतीवर होते. हा भाग सोडून पास होता येत नाही.

बांधकामवाल्यांना अडणारी गोष्ट म्हणजे अधिकार कोणाकडे. स्क्रममध्ये, म्हणजे अ‍ॅजाइलच्या एका प्रचलित पद्धतीत, कामाच्या यादीचा (बॅकलॉगचा) क्रम प्रॉडक्ट ओनर ठरवतो. कोणते काम कोण करेल ते टीम ठरवते. स्क्रम मास्टर अडथळे दूर करतो, हुकूम सोडत नाही. त्यामुळे 'मॅनेजर कामे वाटून देतो' हा पर्याय दिसला की सावध व्हा. बदल आला तर तो समितीकडे न जाता बॅकलॉगमध्ये जातो आणि प्रॉडक्ट ओनर त्याला जागा देतो. स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा, एक महिन्याच्या आत, डेली स्क्रम १५ मिनिटे, रिव्ह्यूत तयार झालेले काम दाखवायचे, रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये कामाची पद्धत सुधारायची. शेवटच्या दोन बैठकांची गल्लत फार होते.

हायब्रिड मात्र तुम्हाला लगेच उमजेल: शेडचे आरसीसी ठरलेल्या आराखड्याने, आणि त्यात बसणारे पॅकिंगचे सॉफ्टवेअर दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटने.

१५. गणिते किती येतात? सूत्रे पाठ करू का?

थोडी येतात. आकडेमोडीपेक्षा अर्थ जास्त विचारतात. एक उदाहरण नीट समजले की पुरे. गोडाऊनचे काम ४० लाखांचे, १० महिन्यांचे. पाच महिन्यांनी २० लाखांचे काम व्हायला हवे होते, झाले १६ लाखांचे, खर्च झाला १८ लाख. सीपीआय (खर्चाचा निर्देशांक) म्हणजे १६ भागिले १८, ०.८९, खर्च जास्त होतोय. एसपीआय (वेळापत्रकाचा निर्देशांक) म्हणजे १६ भागिले २०, ०.८; काम मागे आहे. हीच गती राहिली तर एकूण खर्च ४० भागिले ०.८९, म्हणजे ४५ लाख. उरलेले २४ लाखांचे काम उरलेल्या २२ लाखांत बसवायचे तर टीसीपीआय (पुढे खर्चात किती काटेकोर राहावे लागेल त्याचा निर्देशांक) १.०९. दोन्ही निर्देशांक एकच्या खाली असले तर वाईट, टीसीपीआय एकच्या वर असला तर कसरत. एवढे डोक्यात पक्के असू द्या.

याशिवाय संवादाचे मार्ग (१० जण असतील तर १० गुणिले ९ भागिले २, म्हणजे ४५), तीन अंदाजांची सरासरी, क्रिटिकल पाथ (कामांची सर्वात लांब साखळी) आणि फ्लोट (एखादे काम किती लांबले तरी चालेल ती सवड). अ‍ॅजाइलमध्ये उरलेले काम २४० पॉइंट (कामाचा आकार मोजण्याचे एकक) आणि टीमची गती स्प्रिंटला ३० असेल तर ८ स्प्रिंट, हेही सूत्राविना सुटते.

१६. नोकरी सांभाळून किती दिवस लागतील?

रोज दीड तास आणि सुट्टीच्या दिवशी चार तास मिळत असतील तर तीन महिने धरा. पहिले पाच-सहा आठवडे ३५ तासांचा कोर्स आणि वाचन, पुढचे चार आठवडे रोज ३०-४० प्रश्न, आणि शेवटी किमान दोन पूर्ण मॉक, १८० प्रश्नांचे, एका बैठकीत. चार तास खुर्चीत बसून इंग्रजी वाचण्याची सवय वेगळी लावावी लागते. शेवटच्या ६० प्रश्नांत गुण जातात ते ज्ञान कमी पडल्याने नव्हे, थकल्याने.

शिफ्टवाल्यांनी नाइटच्या आठवड्यात नवीन विषय काढू नये, फक्त चुका तपासाव्यात. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाची वही ठेवा आणि तीन गोष्टी लिहा: मी काय निवडले, का निवडले, बरोबर उत्तर का बरोबर. बरोबर आलेले पण अंदाजाने मारलेलेही त्यात घ्या. पीएमआयच्या 'स्टडी हॉल' या सरावाच्या ऑनलाइन संचातले 'एक्स्पर्ट' दर्जाचे प्रश्न चुकले म्हणून खचू नका, ते मुद्दाम कठीण असतात.

१७. परीक्षा घरून द्यावी की केंद्रावर?

आमचे मत स्पष्ट आहे: जमत असेल तर केंद्रावर. पीएमआयसाठी परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यू या कंपनीच्या संकेतस्थळावर तारीख टाकून जवळचे केंद्र शोधा. पुणे-मुंबईत मिळतेच; नंदुरबारकरांनी सुरत, धुळेकरांनी नाशिक आणि इंदूर, जळगावकरांनी छत्रपती संभाजीनगर हेही शोधून पाहावे. सकाळची वेळ असेल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला पोहोचा. अर्धा तास आधी हजर राहा. घड्याळ, फोन, पाकीट सगळे लॉकरमध्ये जाते.

घरून द्यायची असेल तर आपल्या भागातल्या अडचणी आधीच धरून चाला. एप्रिल-मेमध्ये वीज जाते. इन्व्हर्टरवर राउटर आणि लॅपटॉप दोन्ही जोडलेले आहेत का ते मेन स्विच बंद करून प्रत्यक्ष पाहा; फक्त पंखा-दिवा जोडलेला असतो आणि राउटर राहून जातो, हे बऱ्याच घरांत घडते. इंटरनेट वायरने जोडा, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पेपर देऊ नका. कंपनीचा लॅपटॉप टाळा, त्यातले फायरवॉल आणि व्हीपीएन परीक्षेचे सॉफ्टवेअर अडवतात. सिस्टीम टेस्ट त्याच खोलीत, त्याच लॅपटॉपवर आणि शक्यतो त्याच वेळेला करा.

टेबल रिकामे हवे, कागद-पेन चालत नाही, आकडेमोड पडद्यावरच्या व्हाइटबोर्डवर. खोलीत कोणी आले तर परीक्षा रद्द होऊ शकते. दाराला आतून कडी लावा, घरच्यांना आणि कामाला येणाऱ्या मावशींना सांगून ठेवा. प्रश्न ओठ हलवत वाचायची सवय असेल तर मॉकपासूनच मोडा. त्यावरही ताकीद मिळते. लग्नसराईत गल्लीत मांडव असेल त्या तारखा टाळा. कनेक्शन तुटले तर पुन्हा त्याच सॉफ्टवेअरमधून आत शिरा. जमलेच नाही तर पिअर्सन व्ह्यूकडे लगेच तक्रार नोंदवून केस नंबर घ्या.

१८. तारीख पुढे ढकलता येते का?

येते. परीक्षेला ३० दिवसांहून जास्त अवधी असेल तर शुल्क नाही. ३० दिवसांच्या आत बदलली तर शुल्क पडते. शेवटच्या ४८ तासांत बदल करता येत नाही आणि पूर्ण फी जाते. मात्र अर्ज मंजूर झाल्यापासून एका वर्षातच परीक्षा द्यायची असते.

१९. व्हॉट्सअ‍ॅपवर 'खरे पेपर' आणि 'पास गॅरंटी' येते. घ्यावे का?

अजिबात नाही. परीक्षेतले प्रश्न बाहेर देणार-घेणार नाही, असे तुम्ही परीक्षेआधी मान्य केलेले असते. पकडले गेल्यास निकाल रद्द होतो आणि मिळालेले सर्टिफिकेटही काढून घेता येते. त्या फायलींतली उत्तरे बऱ्याचदा चुकीची असतात ते वेगळेच. 'तुम्ही फक्त बसा, आमचा माणूस रिमोटवरून सोडवेल' म्हणणाऱ्याला पैसे, पासवर्ड आणि पासपोर्टची प्रत, तिन्हींपैकी काहीही देऊ नका.

२०. नापास झालो तर?

वर्षभरात एकूण तीन प्रयत्न मिळतात. फेरपरीक्षेची फी वेगळी. तिसऱ्यांदाही जमले नाही तर शेवटच्या परीक्षेपासून एक वर्ष थांबून नव्याने अर्ज करावा लागतो. लगेच पुढच्या आठवड्याची तारीख घेऊ नका. निकालातले शेरे पाहा. 'लोक' विभाग खाली असेल तर वाचन वाढवून उपयोग नाही, प्र. १३ मधल्या पद्धतीने प्रश्न सोडवा. 'प्रक्रिया' खाली असेल तर पुस्तकाकडे परत जा.

२१. एकदा पास झालो की कायमचे?

नाही. दर तीन वर्षांत ६० पीडीयू (प्रोफेशनल डेव्हलपमेंट युनिट) जमवावे लागतात; साधारणपणे एक तास शिकणे म्हणजे एक पीडीयू. किमान ३५ शिक्षणातून हवेत, आणि त्यात कामाच्या पद्धती, माणसे हाताळण्याची कौशल्ये, व्यवसायाची समज या तिन्ही बाजूंचे प्रत्येकी किमान ८. स्वतःच्या प्रोजेक्टवर काम केल्याचे जास्तीत जास्त ८ धरतात. मेंबरना पीएमआयचे बरेच वेबिनार मोफत मिळतात, आणि पुणे-मुंबईच्या चॅप्टरचे (पीएमआयच्या स्थानिक शाखांचे) ऑनलाइन कार्यक्रम भुसावळ किंवा शहाद्यात बसूनही पाहता येतात. प्रत्येक कार्यक्रम झाला की त्याच आठवड्यात नोंद करा. मुदतीत ६० झाले नाहीत तर सर्टिफिकेट एक वर्ष निलंबित राहते, त्या काळात पीएमपी म्हणवून घेता येत नाही. त्या वर्षातही भरपाई केली नाही तर ते संपते, आणि मग अर्जापासून पुन्हा सगळे करावे लागते.